हक्काचा आधार आणि बंडाचा आवाका : ओबरश्वाबेनमधील १५२५ चा शेतकरी उठाव

१. प्रश्नाची मांडणी

१५२४ च्या उन्हाळ्यात जर्मन भाषक मुलखाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, श्ट्युलिंगन येथे, काउंट सिगमुंड फॉन लुपफेनच्या कुळांनी वेठ नाकारली. पुढच्या वर्षभरात ही ठिणगी आल्प्सच्या खोऱ्यांपासून थुरिंजियापर्यंत पोहोचली. इतिहासकार या साऱ्या घडामोडींना 'जर्मन शेतकरी युद्ध' म्हणतात. त्यात मारल्या गेलेल्यांची संख्या ७० हजार ते एक लाख असावी, असा अंदाज सर्वसाधारणपणे मांडला जातो. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी युरोपात सामान्य रयतेचा एवढा व्यापक उठाव झाला नव्हता.

प्रस्तुत विवेचन या युद्धातल्या एकाच प्रदेशापुरते आहे. डॅन्यूब नदी, लेख नदी आणि बोडन सरोवर यांच्या मधला तो प्रदेश म्हणजे ओबरश्वाबेन. लढाया थुरिंजियात आणि फ्रँकोनियात अधिक रक्तरंजित झाल्या. टॉमस म्युन्त्सरसारखा जहाल उपदेशकही थुरिंजियातला. मात्र सगळ्या चळवळीने जो मागण्यांचा मसुदा आपला मानला, ती 'बारा कलमे' ओबरश्वाबेनमध्ये लिहिली गेली. म्हणून उठावाचा विचार तपासायचा तर तो इथेच तपासला पाहिजे.

प्रश्न दुहेरी आहे. शेकडो खेड्यांतली, वेगवेगळ्या मालकांची कुळे असलेली माणसे १५२४ च्या नाताळापासून १५२५ च्या ७ मार्चपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत, एका संघटनेत कशी आली? आणि ती संघटना पुढच्या सहा आठवड्यांत, १७ एप्रिलच्या तहाने, कशी मोडली? या लेखाचे प्रतिपादन असे की दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. शेतकऱ्यांनी आपल्या हक्काचा आधार बदलला, तेव्हा त्यांचा आवाका गावाबाहेर गेला. पण तो नवा आधार अमलात आणणारी यंत्रणा त्यांच्याजवळ नव्हती. ती उभी राहण्याआधीच सरदारांनी त्यांना पुन्हा जुन्या आधारावर, पुन्हा आपापल्या मालकासमोर एकेकटे, उभे केले.

२. सत्तेची रचना

या प्रदेशात एकच मोठा राजा वा ड्यूक नव्हता. बेनेडिक्टाइन व इतर पंथांचे श्रीमंत मठ, छोटे-मोठे काउंट, सरदार-शिलेदार, सम्राटाखेरीज कोणालाही न मानणारी स्वतंत्र नगरे आणि मध्येमध्ये हाब्सबर्ग घराण्याची ठाणी, असा हा तुकड्यातुकड्यांचा मुलूख होता. केम्प्टन, ओक्सेनहाउसेन, वाइनगार्टन, रोट हे मठ स्वतःच जमीनदार, न्यायाधीश आणि राज्यकर्ते होते.

शेतकऱ्यावर तीन प्रकारची सत्ता चाले. पहिली जमिनीची : जमीन ज्याची, त्याला खंड द्यायचा. दुसरी देहाची : शेतकरी ज्याचा भूदास, त्याच्या परवानगीशिवाय स्थलांतर नाही, परक्या मालकाच्या भूदासाशी लग्न नाही आणि मरणानंतर घरातले उत्तम जनावर व उत्तम वस्त्र मालकाचे. तिसरी न्यायाची : गुन्हे, दंड, हुकूम यांवर ज्याचा अधिकार, त्याची. या तिन्ही सत्ता एकाच मालकाकडे असतील असे नव्हते. एका शेतकऱ्याचे तीन मालक असू शकत, आणि एकाच गावात शेजारच्या दोन घरांचे देहस्वामी वेगळे असत. याखेरीज धान्याचा व जनावरांचा दशमांश चर्चकडे जाई, आणि तो वसूल करण्याचा हक्क पुष्कळदा मठाने किंवा शहरी धनिकाने विकत घेतलेला असे.

पंधराव्या शतकात मालकांना या विस्कळीत हक्कांचे रूपांतर सलग राज्यात करायचे होते. जमीन विखुरलेली, न्यायाधिकार विखुरलेला. तेव्हा हाती उरलेले सर्वांत सोयीचे साधन म्हणजे देहस्वामित्व. आपल्या सीमेत राहणारा प्रत्येक माणूस आपला भूदास ठरवायचा, शेजारच्या मालकाशी भूदासांची अदलाबदल करायची आणि बाहेरच्यांशी होणाऱ्या लग्नांना दंड लावायचा. अशा रीतीने माणसांवरचा हक्क प्रदेशावरच्या हक्कात बदलता येई. भूदासत्व हा ओबरश्वाबेनमध्ये जुन्या काळाचा मागे राहिलेला अवशेष नव्हता. उभ्या राहू पाहणाऱ्या छोट्या राज्यांचे ते चालू हत्यार होते. शेतकऱ्यांच्या तक्रारींत भूदासत्वाचा मुद्दा इतक्या सातत्याने का येतो, हे या पार्श्वभूमीवर उलगडते.

केम्प्टनच्या मठात हा प्रकार सर्वांत उघडपणे दिसतो. तिथे 'मुक्त खंडकरी' नावाचा एक वर्ग होता. ठरावीक खंड भरला की तो स्वतंत्र. मठाधिपतींनी या वर्गाला पायरीपायरीने भूदासांत ढकलले. मुक्त माणसाने भूदासाशी लग्न केले तर मुलांचा दर्जा आईबापांपैकी हलक्या दर्जाच्या व्यक्तीप्रमाणे ठरवायचा, आणि जो ऐकत नाही त्याला कोठडीत घालून दर्जा सोडल्याचा लेख लिहून घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. मठाने आपल्या दाव्यासाठी शार्लमेनच्या नावाची बनावट सनदही पुढे केली होती. १४९१-९२ मध्ये या प्रजेने एकदा उठाव केला होता आणि तो दडपला गेला होता. १५२५ मध्ये याच प्रजेने कुटुंबागणिक आपल्यावरील अन्यायाची नोंदवही तयार केली. कोणाचे आजोबा मुक्त होते, कोणत्या मठाधिपतीने कोणत्या मार्गाने त्यांना भूदास केले, याचा तो तपशीलवार ताळेबंद आहे. रयतेने स्वतःच्या गुलामीचा असा दस्तऐवज लिहून ठेवल्याची उदाहरणे त्या काळात फार थोडी आहेत.

३. आर्थिक ताण : आवश्यक, पण अपुरे कारण

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकसंख्या वाढू लागली होती. प्लेगच्या साथींनंतर रिकामी पडलेली शेते पुन्हा भरली, जमिनीचे तुकडे झाले. त्याच वेळी मालकांनी सामायिक रानावर हक्क सांगायला सुरुवात केली. इंधनाचे व घरबांधणीचे लाकूड, डुकरांची चराई, ओढ्यातले मासे, गायरान या गोष्टी लहान शेतकऱ्याच्या घरखर्चाचा मोठा भाग उचलत. रानावर पहारेकरी बसले आणि शिकारीचा हक्क मालकाचा ठरला, तेव्हा हरणा-डुकरांनी उभे पीक खाल्ले तरी त्यांना मारण्याची सोय शेतकऱ्याला उरली नाही.

हा ताण खरा होता, पण केवळ त्याने १५२५ चा उठाव समजत नाही. सर्वांत दरिद्री भागात उठाव सर्वांत प्रबळ झाला, असे दिसत नाही. उठावाचे पुढारी बहुधा गावातले प्रतिष्ठित होते : लोहार, खाणावळवाले, गावप्रमुख, बऱ्यापैकी जमीन कसणारे. शिवाय हेच ताण आधीच्या तीस-चाळीस वर्षांतही होते आणि त्यांतून उठावही झाले होते. ओक्सेनहाउसेन मठाच्या शेतकऱ्यांनी १५०२ मध्ये संघर्षानंतर करार करून जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क मिळवला. मात्र तो करार एका मठाचा आणि त्याच्याच प्रजेचा. त्याचा लाभ शेजारच्या मठाच्या कुळाला मागता येत नव्हता. म्हणजे गाऱ्हाणे सर्वत्र सारखे असूनही लढा सर्वत्र सुटा होता. १५२५ मध्ये नेमके काय बदलले, ते शोधायचे तर गाऱ्हाण्यांपेक्षा गाऱ्हाणी मांडण्याचा आधार पाहावा लागतो.

४. रिवाजापासून ईश्वरी न्यायाकडे

मध्ययुगीन शेतकऱ्याचा हक्क 'जुन्या रिवाजा'वर उभा असे. बापजाद्यांच्या वेळी वेठीचे दिवस इतकेच होते, अमुक रान गावाचे होते, हे वृद्धांच्या साक्षीने सिद्ध करायचे. या आधाराची ताकद अशी की मालकही तो मानत. त्याच्या मर्यादा दोन. एक, रिवाज गावागणिक वेगळा, म्हणून त्याच्या आधाराने दोन मालकांच्या कुळांना एकत्र लढता येत नाही. दोन, जे ओझे खरोखरच जुने आहे त्याच्याविरुद्ध रिवाजाला बोट उचलता येत नाही. भूदासत्व जुने असेल तर ते कायदेशीरच ठरणार.

'ईश्वरी न्याय' या कल्पनेने या दोन्ही मर्यादा ओलांडल्या. ती १५२५ मध्ये नव्याने जन्मली नव्हती. ऱ्हाइनकाठी योस फ्रिट्झने १५०२ पासून रचलेल्या 'बुंडशू' कटांत तिचा उच्चार झाला होता. पण ते कट गुप्त होते आणि ईश्वरी न्याय म्हणजे नेमके काय, हे कोणाला दाखवता येत नव्हते. धर्मसुधारणेने तो न्याय एका ग्रंथात आणून ठेवला. ल्यूथरचा जर्मन नवा करार १५२२ मध्ये छापून निघाला होता. बायबल हेच प्रमाण, पोप आणि परंपरा नव्हे, हे तत्त्व शहरांतल्या व्यासपीठांवरून सांगितले जात होते. आता कोणीही पान उघडून विचारू शकत होता : जनावरांचा दशमांश कुठे लिहिला आहे? ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांना सोडवले, तर एक ख्रिस्ती दुसऱ्याचा भूदास कसा?

हा बदल प्रत्यक्षात कसा घडला, ते बाल्ट्रिंगनच्या घटनाक्रमातून दिसते. बिबराखजवळच्या या गावात १५२४ च्या नाताळात शेजारच्या खेड्यांतली माणसे जमू लागली. फेब्रुवारीत जमाव काही हजारांचा झाला आणि झुल्मिंगनचा लोहार उलरिख श्मिड त्याचा पुढारी झाला. या भागातल्या खेड्यांनी आपापल्या कैफियती लिहून श्वाबियन संघाकडे दिल्या. संघ म्हणजे १४८८ मध्ये स्थापन झालेली राजे, सरदार, मठाधिपती व नगरे यांची युती, आणि या प्रदेशातले एकमेव सामायिक लष्करी बळ. संघाच्या प्रतिनिधींनी साम्राज्याच्या न्यायालयाचा मार्ग सुचवला. श्मिडने तो नाकारून ईश्वरी न्याय मागितला. तो न्याय सांगणार कोण, असा सवाल आल्यावर विद्वान धर्मज्ञांकडून निवाडा घेऊ, असे त्याने सांगितले आणि मुदत मागून मेमिंगन गाठले.

मेमिंगनची निवड सहज झालेली नव्हती. या स्वतंत्र नगरातल्या सांक्ट मार्टिन चर्चचा उपदेशक क्रिस्टॉफ शापेलर दशमांशाविरुद्ध उघड बोलत होता आणि जानेवारी १५२५ मधल्या जाहीर वादसभेनंतर शहर सुधारकांच्या बाजूला झुकले होते. तिथेच सेबास्टियान लोट्सर राहत होता. व्यवसायाने तो फरचे कपडे शिवणारा कारागीर. पाद्री नसलेल्या सामान्य माणसालाही धर्मग्रंथावर बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगणाऱ्या पुस्तिका त्याने आधीच छापल्या होत्या. तो बाल्ट्रिंगन दलाचा लेखक झाला. गावाच्या गाऱ्हाण्याला शहरातल्या धर्मचर्चेची भाषा मिळाली ती या दोघांमुळे.

५. बारा कलमे : रचना आणि तर्क

६ व ७ मार्च १५२५ रोजी बाल्ट्रिंगन, आल्गॉय आणि बोडन सरोवर या तीन दलांचे सुमारे ५० प्रतिनिधी मेमिंगनमध्ये 'क्रामर' या किरकोळ व्यापाऱ्यांच्या श्रेणीच्या इमारतीत जमले. तिथे 'ख्रिस्ती एकजूट' स्थापन झाली आणि तिची घटना मंजूर झाली. याच काळात लोट्सरने, शापेलरच्या साहाय्याने, खेड्यांच्या कैफियतींचे सार बारा कलमांत गोळा केले. ऑग्सबर्गमध्ये छापलेली ही पुस्तिका दोन महिन्यांत सुमारे २५ वेळा निरनिराळ्या गावी पुनर्मुद्रित झाली. एकूण प्रती २५ हजारांच्या आसपास असाव्यात, असा अंदाज आहे.

कलमांचे चार गट पाडता येतात.

पहिला गट धर्मव्यवस्थेचा. पहिल्या कलमात गावाला आपला पाद्री निवडण्याचा व काढून टाकण्याचा अधिकार मागितला आहे. दुसऱ्यात धान्याचा दशमांश द्यायची तयारी आहे, पण तो गावाने नेमलेल्या माणसांनी गोळा करावा, त्यातून पाद्र्याचा निर्वाह व्हावा आणि उरलेले गोरगरिबांना व संकटकाळच्या करासाठी ठेवावे. जनावरांचा दशमांश पूर्णपणे नाकारला आहे. म्हणजे कर राहिला, पण त्याचा मालक मठाऐवजी गाव झाले.

दुसरा गट देहस्वामित्वाचा. तिसरे कलम भूदासत्व रद्द करते आणि अकरावे मृत्युकर. विधवा व अनाथांना लुबाडणारी प्रथा, असे मृत्युकराचे वर्णन तिथे येते. मात्र तिसऱ्या कलमातच खुलासा आहे की आम्हाला सत्ताच नको असे नाही. ईश्वराने नेमलेल्या आणि आम्ही निवडलेल्या अधिकाऱ्यांची आज्ञा आम्ही पाळू.

तिसरा गट सामायिक संपत्तीचा : चौथ्यात शिकार व मासे, पाचव्यात रान, दहाव्यात गायरान व सामायिक शेते.

चौथा गट बोजांच्या प्रमाणाचा : सहाव्या-सातव्यात वेठ, आठव्यात खंड, नवव्यात दंड. इथे मागणी रद्दीची नसून मोजमापाची आहे. वेठ पूर्वजांच्या वेळी होती तेवढी, खंड प्रामाणिक माणसांनी जमीन पाहून ठरवलेला, दंड जुन्या लिखित नियमाप्रमाणे. रिवाजाचा आधार शेतकऱ्यांनी टाकून दिला नव्हता, हे या गटातून स्पष्ट होते. जिथे रिवाज उपयोगी होता तिथे तो ठेवला. जिथे तो आड येत होता तिथे त्यावर ईश्वरी न्यायाची मात्रा चालवली.

या मसुद्यातला सर्वांत बारीक तर्क मालमत्तेच्या कलमांत आहे. एखाद्या मालकाने पाणी वा रान खरोखर विकत घेतले असेल आणि तसा कागद दाखवला, तर त्याच्याशी सामोपचाराने तडजोड करू, अशी तरतूद तिथे येते. दशमांश विकत घेतलेल्यांबाबतही तेच. वरवर पाहता ही नरमाई आहे. परिणामी मात्र पुराव्याचा भार उलटतो. आजवर शेतकऱ्याला सिद्ध करावे लागे की रान गावाचे आहे; आता मालकाला सिद्ध करावे लागेल की ते त्याचे आहे. ज्या प्रदेशात सत्तेचा मोठा भाग हळूहळू, कागदाशिवाय बळकावलेला होता, तिथे ही अट मालकांना फार महाग पडली असती.

बारावे कलम साऱ्या मसुद्याची किल्ली आहे. वरीलपैकी कोणतेही कलम बायबलशी विसंगत असल्याचे ग्रंथातून दाखवले, तर ते मागे घेऊ. आणि नवी गाऱ्हाणी ग्रंथातून निघाली तर ती मांडण्याचा हक्क राखून ठेवतो. समासात वचनांचे संदर्भ छापले होते. हे निव्वळ नम्रतेचे प्रदर्शन मानता येत नाही, कारण एकजुटीच्या बाजूने निवाडा देऊ शकतील अशा धर्मज्ञांची यादीही तयार झाली होती आणि तीत ल्यूथर, मेलांख्टन, झ्विंग्ली यांची नावे होती. शेतकऱ्यांना खरोखरच निवाडा हवा होता.

६. एकजुटीच्या मर्यादा

इथेच नव्या आधाराची दुबळी बाजू दिसते. रिवाजाचा निवाडा गावच्या पंचांसमोर होऊ शकतो. ईश्वरी न्यायाचा निवाडा देणारे न्यायालय मात्र अस्तित्वात नव्हते. ज्यांना न्यायाधीश मानले, त्यांपैकी सर्वांत वजनदार माणसाने ते पद नाकारले. ल्यूथरने एप्रिलमध्ये बारा कलमांना उत्तर दिले. त्यात त्याने सरदारांच्या जुलमाची कडक निंदा केली, पण तिसरे कलम ख्रिस्ती स्वातंत्र्याला देहाच्या पातळीवर ओढते, असे म्हटले. आत्म्याचे स्वातंत्र्य आणि भूदासत्व एकत्र नांदू शकतात, असे त्याचे मत होते. मेमध्ये त्याने लुटारू शेतकऱ्यांना ठार मारण्याचा सल्ला सत्ताधीशांना दिला. ज्या ग्रंथाने एकजूट घडवली, त्याच्या सर्वांत मोठ्या भाष्यकाराने तिला आधार नाकारला.

दुसरी मर्यादा अंतर्गत होती. एकजुटीत गावे होती, आणि गाव म्हणजे प्रामुख्याने जमीनजुमला असलेले कुटुंबप्रमुख. मजूर, झोपडीत राहणारे भूमिहीन, स्त्रिया यांचा आवाज या कैफियतींत क्षीण आहे. गायरान गावाला परत मिळाले तरी गावात त्याची वाटणी कशी होणार, यावर बारा कलमे मौन पाळतात.

तिसरी मर्यादा लष्करी. दलांत माणसे पाळीपाळीने येत. ठरावीक काळ झाला की घरी जात आणि गाव दुसरी पाठवी. शेती थांबत नसे, पण अनुभव साठत नसे. घोडदळ जवळपास नव्हते. प्रत्येक दल आपापल्या भागाचे रक्षण करी; तिन्हींचा एक सेनापती नेमला गेला नाही. कलमे एक होती, फौजा तीन होत्या.

७. वेळेचे राजकारण

फेब्रुवारी-मार्चमध्ये श्वाबियन संघ वाटाघाटी करत राहिला, याचे कारण सद्भाव नव्हे. राज्यातून हाकललेला व्युर्टेंबर्गचा ड्यूक उलरिख भाडोत्री स्विस सैनिक घेऊन श्टुटगार्टवर चालून आला होता. संघाची माणसे तिकडे गुंतली होती. इटलीत सम्राट पाचव्या चार्ल्सची फौज फ्रेंचांशी लढत होती, त्यामुळे अनुभवी जर्मन पायदळ तिकडे होते. २४ फेब्रुवारीला पाविया येथे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस कैद झाला. त्यानंतर स्विस प्रांतांनी आपले सैनिक माघारी बोलावले, उलरिखची मोहीम कोसळली आणि इटलीतून मोकळे झालेले सैनिक संघाला भाड्याने मिळू लागले. बव्हेरियाचा मुत्सद्दी लेओनहार्ट फॉन एक सुरुवातीपासून तडजोडीच्या विरोधात होता. आता संघात त्याचेच म्हणणे चालले.

संघाचा सेनापती गेओर्ग ट्रुख्झेस फॉन वाल्डबुर्ग हा याच प्रदेशातला सरदार होता आणि त्याची स्वतःची प्रजाही उठावात सामील होती. वाटाघाटी फिसकटल्यावर मार्चअखेरीस शेतकऱ्यांनी किल्ले व मठ लुटायला सुरुवात केली. केम्प्टनचा मठही लुटला गेला. ४ एप्रिलला ट्रुख्झेसने डॅन्यूबकाठी लाइपहाइम येथे एका दलाचा धुव्वा उडवला आणि दुसऱ्या दिवशी तिथला उपदेशक याकोब वेए याचा शिरच्छेद केला. १४ एप्रिलला वुर्झाख येथे आणखी एक दल मोडले.

त्यानंतर वाइनगार्टनजवळ त्याची गाठ बोडन सरोवराच्या दलाशी पडली. सुमारे १२ हजारांचे हे दल संख्येने ट्रुख्झेसच्या फौजेहून मोठे होते, त्यात माजी सैनिकांचा मोठा भरणा होता आणि त्यांनी मोक्याची जागा धरली होती. लढाई झाली असती तर तिचा निकाल आधीच ठरलेला नव्हता. तिथेच १७ एप्रिलला तह झाला.

८. वाइनगार्टनचा तह : माघारीचे स्वरूप

तहाच्या अटी पाहिल्या की दोन्ही बाजूंचे हेतू कळतात. शेतकऱ्यांनी एकजूट विसर्जित करावी, पुन्हा शपथ घेऊन आपापल्या मालकाच्या आज्ञेत यावे, निवाडा होईपर्यंत देणी देत राहावी. मोबदल्यात प्रत्येक मालक व त्याची प्रजा यांच्यातले वाद नगरांनी नेमलेल्या लवादापुढे जातील.

दलाने ही अट का मान्य केली, याची दोन उत्तरे दिली जातात : भीती आणि पुढाऱ्यांची फितुरी. दोन्हींत तथ्य असले तरी अधिक खोल कारण असे की लवाद ही शेतकऱ्यांच्या ओळखीची, विश्वासाची पद्धत होती. त्यांना सत्ता हातात घ्यायची नव्हती, न्याय मिळवायचा होता. आणि इथे न्यायाचे एक रूप समोर ठेवले गेले होते. मात्र ते रूप सुट्या वादांचे होते. ईश्वरी न्यायाचा उल्लेख गळाला, आणि त्याबरोबर एका मालकाच्या कुळाला दुसऱ्या मालकाच्या कुळाशी जोडणारा दुवा गळाला. संघाने मागण्यांपैकी एकही धडपणे फेटाळली नाही. त्याने मागणाऱ्यांना वेगळे केले. ल्यूथरने या तहाचा मसुदा स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापला, तो सलोख्याचा आदर्श म्हणून.

लष्करी दृष्टीने तह आणखी महाग पडला. दक्षिणेकडून मोकळा झालेला ट्रुख्झेस उत्तरेकडे वळला. १२ मेला त्याने ब्योब्लिंगन येथे व्युर्टेंबर्गचे दल मोडले. १५ मेला इतर राजांच्या फौजांनी फ्रांकेनहाउसेन येथे थुरिंजियाचे दल कापून काढले. जूनच्या आरंभी फ्रँकोनियातही तेच झाले. जुलैत ट्रुख्झेस आल्गॉयकडे परतला, तेव्हा तिथली पुन्हा उठलेली दले एकटी होती. लॉइबासजवळ तीही शरण आली. बारा कलमांना मान्यता देणारे सगळे प्रदेश असे एकामागून एक, वेगवेगळे, पडले.

९. परिणाम

शिक्षा कठोर होत्या. पुढाऱ्यांना फासावर चढवले गेले. लोट्सर व शापेलर पळून गेले. संघाने प्रत्येक चुलीमागे ६ गुल्डनचा दंड बसवला. शस्त्रे जप्त झाली.

तरीही उठावाने काहीच पदरात पडले नाही, असे म्हणता येत नाही. मेमिंगनच्या नगरपरिषदेने उठावाच्या ऐन भरात आपल्या खेड्यांच्या मागण्या विचारात घेऊन भूदासत्व सोडण्याची तयारी दाखवली होती. केम्प्टनच्या अडचणीत सापडलेल्या मठाधिपतीने १५२५ मध्येच केम्प्टन नगरावरचे आपले उरलेले हक्क ३० हजार गुल्डनना नगराला विकून टाकले. शेतकऱ्यांच्या रेट्याचा फायदा नागरिकांनी उचलला. जानेवारी १५२६ मध्ये मेमिंगन येथे केम्प्टनचा मठ व त्याची प्रजा यांच्यात करार झाला आणि देहस्वामित्वाचे काही जाच नियमांत बांधले गेले. मठ-प्रजा संबंधांचा पाया म्हणून हा करार पुढे बराच काळ टिकला. १५२६ च्या श्पायरच्या राजसभेतही प्रजेच्या गाऱ्हाण्यांचा विचार झाला. पुढच्या दोन शतकांत या भागातले शेतकरी मालकांना साम्राज्याच्या न्यायालयांत वारंवार खेचत राहिले. इतिहासकार विनफ्रीड शुल्झे यांनी या प्रक्रियेला 'संघर्षाचे कायदेशीरीकरण' असे नाव दिले आहे.

या सर्व लाभांत एक गोष्ट समान आहे : प्रत्येक लाभ एका मालकाच्या एका प्रजेला मिळाला. सर्वांसाठी भूदासत्व रद्द करा, ही तिसऱ्या कलमाची मागणी बव्हेरियात १८०८ मध्ये आणि व्युर्टेंबर्गमध्ये १८१७ मध्ये पूर्ण झाली, आणि तीही राज्यसत्तेच्या फर्मानाने.

१०. मतमतांतरे

१८४८ ची क्रांती फसल्यावर फ्रीड्रिख एंगेल्सने १८५० मध्ये या युद्धाकडे वर्गसंघर्ष म्हणून पाहिले. त्याची सामग्री विल्हेल्म त्सिमरमानच्या ग्रंथातली होती. स्थानिक संकुचितपणामुळे शेतकरी हरले, हे त्याचे निदान. ओबरश्वाबेनचा पुरावा त्यात दुरुस्ती सुचवतो. संकुचितपणा मागण्यांत नव्हता. बारा कलमांइतका सार्वत्रिक मसुदा त्या काळात दुसरा नाही. तो संकुचितपणा फौजांच्या रचनेत होता, आणि तहाने तो पुन्हा मागण्यांवरही लादला.

ग्युंटर फ्रांझ यांनी १९३३ मध्ये उठावाचे मूळ राजकीय मानले : गावाची स्वायत्तता विरुद्ध वाढते प्रादेशिक राज्य. भूदासत्वाच्या वाढत्या वापराशी ही मांडणी जुळते, पण एकाच वेळी शेकडो गावांना जोडणारा दुवा तिच्यातून मिळत नाही. पूर्व जर्मनीतल्या इतिहासकारांनी 'आरंभीची भांडवली क्रांती' असे सूत्र मांडले. या प्रदेशात मात्र भांडवलदार वर्गाचे नेतृत्व शोधूनही दिसत नाही. मेमिंगनचे नागरिक सहानुभूती दाखवून दूर राहिले. पेटर ब्लिकल यांनी १९७५ मध्ये 'सामान्य माणसाची क्रांती' ही कल्पना पुढे आणली आणि गावसमाज व ईश्वरी न्याय यांची सांगड घातली. प्रस्तुत विवेचन त्यांच्या मांडणीच्या सर्वांत जवळचे आहे. फरक इतकाच की ब्लिकल यांचा भर ईश्वरी न्यायाने काय शक्य केले यावर आहे, आणि इथे त्याने काय अपुरे ठेवले, हेही तितकेच निर्णायक मानले आहे.

११. निष्कर्ष

ओबरश्वाबेनच्या उठावातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, गाऱ्हाण्यांची तीव्रता उठावाची शक्यता निर्माण करते, पण त्याचा आवाका हक्काच्या आधाराने ठरतो. स्थानिक आधारावर स्थानिकच लढा उभा राहतो. दुसरा, सार्वत्रिक आधार माणसांना जोडतो, मात्र त्याचा निवाडा करणारी आणि तो राबवणारी संस्था सोबत नसेल, तर तो आधार इतरांच्या मान्यतेवर अवलंबून राहतो. शेतकऱ्यांनी ती मान्यता धर्मज्ञांकडे मागितली आणि ती मिळाली नाही. तिसरा, सत्ताधारी अशा उठावाचा शेवट करतात तेव्हा मागण्या नाकारण्यापेक्षा त्यांची विभागणी करणे त्यांना अधिक परवडते. वाइनगार्टनच्या तहात हरलेली गोष्ट म्हणजे वेठ कमी करण्याची किंवा रान परत मिळवण्याची आशा नव्हे. ती पुढे थोडीथोडी पुरी होतच राहिली. हरला तो एका मालकाच्या कुळाने दुसऱ्या मालकाच्या कुळासाठी बोलण्याचा हक्क, आणि तो परत मिळवायला पुढे जवळपास तीन शतके लागली.